देवबागच्या खाडीत गरीची स्पर्धा

गुरुवार, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा आणि कणकवली, कसाल ओलांडून मालवणात शिरायचं, हा आमच्या गरीने, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या क्लबचा ठरलेला रस्ता. गाडीच्या टपावर रॉडच्या लांब नळ्या, आत रीलच्या पेट्या, ल्यूरचे, म्हणजे खोट्या आमिषांचे डबे, मासा मोजायची पट्टी आणि बर्फाची एकच लहान पेटी. एवढं सामान आणि बर्फ एवढासाच, हे घाटातल्या चहावाल्याच्या लगेच नजरेत आलं. या स्पर्धेत धरलेला मासा मोजायचा, त्याचा फोटो काढायचा आणि तो जिवंत परत सोडायचा असतो. ती पेटी फक्त सुरमईसाठी.

क्लबात दोघे-तिघे डॉक्टर, एमआयडीसीत वर्कशॉप चालवणारे, बँकेतले, बेळगावचे एक निवृत्त प्राध्यापक आणि मालवणचे चार-पाच स्कूबावाले तरुण. घाटावरच्या जुन्या मंडळींचा हात तलावातल्या कटल्यावर बसलेला. खाऱ्या पाण्याची ओढ त्यांना नंतर लागली, पण ती लागली ती कायमची. तलावातलं पाणी दिवसभर एका जागी असतं. खाडीतलं पाणी दर सहा तासांनी दिशा बदलतं, आणि त्याबरोबर माशाची जागा, भूक, तोंडाची दिशा सगळं बदलतं.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये माडांची अरुंद पट्टी. आमचा मुक्काम नेहमीप्रमाणे आमच्या तांडेलांच्याच, म्हणजे होडी चालवणाऱ्यांच्याच घरी. त्यांना सगळे आबा म्हणतात. मार्गशीर्षातला गुरुवार, घरात घट मांडलेला, त्यात एकादशी. समुद्राच्या दाराशी येऊन पहिल्या रात्री वरीचा भात आणि दाण्याची आमटी जेवलो, आणि मनापासून जेवलो.

जेवणानंतर ओसरीवर नियमांची बैठक. चार होड्या, प्रत्येक होडीत तिघे गरवणारे आणि एक तांडेल. शनिवारी खाडी, रविवारी समुद्र. गुण लांबीचे, वजनाचे नाहीत, कारण वजन करायला मासा टांगावा लागतो आणि जबड्याला धरून टांगलेला मोठा मासा आतून दुखावतो. जिताड्याच्या दर सेंटीमीटरला दोन गुण. तांबोशी, ट्रेव्हॅली आणि दगोळ यांना एक. रोज सकाळी प्रत्येक होडीला एक चिठ्ठी मिळते, तिच्यावरचा आकडा फोटोत दिसला पाहिजे, म्हणजे आदल्या दिवशीचा मासा आज खपत नाही. सोडलेला मासा उलटा झाला तर त्याचे गुण शून्य. मासा लागल्यापासून रॉडला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. हा नियम आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनचा, १९३९ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेचा, आणि जगभर खेळ म्हणून मासे धरणारे तो मानतात.

मग भरतीची वेळ. मोबाइलवर तक्ते होतेच, पण आबांनी विचारलं, "आज तिथी काय?" एकादशी म्हटल्यावर ते म्हणाले, "तिथीक तिनान गुणा नि चारान भागा, भरतीचो टायम गावता." अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. तक्त्यात काही मिनिटांचाच फरक निघाला. शनिवारी त्रयोदशी, म्हणजे पावणेदहाला भरती पुरी. रविवारी चतुर्दशी, साडेदहा. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि आमच्या स्पर्धेची वेळ अजून तोच ठरवतो.

शुक्रवार

सरावाचा दिवस. सकाळी खाडीत कुडाळच्या अंगाला वर गेलो, जवळजवळ नेरूरपारच्या पुलापर्यंत. काठाने कांदळवन, मधूनमधून आत शिरणारे ओहळ, कालवं चिकटलेले जुने खांब. पौर्णिमेकडे जाणारं पाणी, म्हणजे उधाण जवळ. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं, इथे दोन-सव्वादोन. तरी अरुंद ओहळाच्या तोंडाशी त्याचा जोर हाताला कळतो. नांगर टाकलेली होडी दोरावर ताणून उभी राहते.

आबांनी होडी कुठे लावली हे बघण्यासारखं होतं. आम्ही ओहळाच्या तोंडासमोर थांबलो असतो. त्यांनी ती तोंडाच्या वर, काठाला खेटून लावली. कारण असं: ओहोटी लागली की कांदळवनात चढलेलं पाणी ओहळातून बाहेर पडतं आणि त्याबरोबर बारकी कोळंबी, बोय, खेकड्यांची पिल्लं बाहेर वाहत येतात. शिकारी मासा प्रवाहात पोहत बसत नाही. खांबाआड, दगडाआड, जिथे पाणी मंद होतं तिथे तो प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत आलेलं टिपतो. म्हणून ल्यूर पाण्याबरोबर खाली यायला हवा. प्रवाहाविरुद्ध वर चढणारी कोळंबी माशाने आयुष्यात पाहिलेली नसते.

माझ्याकडे मध्यम ताकदीचा सात फुटी रॉड, पीई दोन जाडीची ब्रेडेड लाईन आणि पुढे गळाजवळ मीटरभर चाळीस पौंडी लीडर, म्हणजे घासणं सोसणारा जाड धागा. आबांकडे लाकडी रिळावर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोरा), शिशाचा तुकडा आणि जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी लावलेली गरी. पहिली तांबोशी त्यांनी काढली, आणि त्याबद्दल मला आश्चर्य वाटलं नाही. तंगूस बोटावर असला की मासा आमिष हुंगतो तेही कळतं.

तांबोशी लागते तेव्हा मात्र रॉड असो की तंगूस, पहिले दोन सेकंद तिचेच. ती आमिष घेते आणि त्याच वेगात वळून खांबाकडे जाते. तिला तिथेच अडवावं लागतं, नाहीतर कालवांच्या धारेवर लाईन तुटलीच. दुपारपर्यंत आम्हाला लहान-मोठ्या बऱ्याच मिळाल्या, बहुतेक वीतभर ते हातभर. खाडीतल्या तांबोश्या म्हणजे पोरंच. वयात आल्यावर त्या खाडी सोडतात, बाहेर समुद्रातल्या खडकांवर जातात आणि तिथे अंडी घालतात. म्हणजे खाडीत धरलेल्या जवळपास प्रत्येक तांबोशीची वीण अजून व्हायची असते. हे कळल्यापासून ताटात आलेली कर्लीची तांबोशी माझ्या घशाखाली उतरत नाही.

संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांनी ल्यूरचे तीनतोंडी गळ काढून एकेरी बसवले आणि पकडीने प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. असा गळ निसटतो, अशी तक्रार नवे सभासद करतात. निसटतो खरा, लाईन सैल सोडली तर. पण सोडताना तो एका झटक्यात निघतो, आणि गळ काढण्यात जाणारा वेळ हाच माशाच्या जिवावर उठतो. रात्री तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिकलं आणि भात.

शनिवार, स्पर्धा

पहाटे गार होतं. साडेसहाला चारही होड्या सुटल्या. चढत्या पाण्यावर आम्ही आधी मुखाजवळच्या खडकांत हात चालवला आणि लहान ट्रेव्हॅली मिळवल्या. कागदावर गुण पडले, एवढंच. आमचं लक्ष पावणेदहानंतरच्या पाण्याकडे होतं.

आमच्या होडीत मी, प्राध्यापक आणि कोल्हापूरच्या एक दंतवैद्य ताई. ताई क्लबात सगळ्यात शांत गरवणाऱ्या. एकाच जागी, एकाच कोनात, पुन्हा पुन्हा टाकत राहतात. थंडीत जिताडा मंदावतो, तोंडासमोरून गेलेलंच घेतो, पाठलाग करत नाही, असं आबांनी सकाळीच सांगितलं होतं. म्हणून ताईंनी ल्यूर जुन्या खांबांच्या दोन हात वर टाकायचा आणि पाण्याने खाली आणू द्यायचा, एवढंच धरून ठेवलं. तासभर काही नाही. मधल्या वेळात प्राध्यापकांनी दोन तांबोश्या काढल्या.

दुपारच्या सुमाराला ओहोटीला पुरता जोर आला. "पाण्याक वळण लागला," असं आबा म्हणाले आणि काही वेळातच ताईंची लाईन थांबली. अडकली असं वाटलं. मग ती अडकलेली जागाच सरकायला लागली. जिताडा पाण्याबाहेर आला तो अर्धा, तोंड उघडं, कल्ले ताणलेले, आणि डोकं असं झटकलं की कल्ल्यांचा खडखडाट होडीत ऐकू आला. या माशाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. डोकं झटकताना लीडर तिच्यावर घासला तर खेळ संपला. ताईंनी रॉडचं टोक पाण्यात घातलं, म्हणजे माशाला उडी मारायला वाव राहिला नाही. आबांनी नांगराचा दोर तरंगत्या डब्याला बांधून सोडला आणि बांबूने होडी खांबांपासून दूर रेटली. रॉडला कुणी हात लावला नाही. कुणी बोललंही नाही.

मासा जाळीत आला. गाठी नसलेली रबरी जाळी, पाण्यातच ठेवलेली. ओली पट्टी, ओले हात, एक हात जबड्याखाली, एक पोटाखाली. ९१ सेंटीमीटर. चिठ्ठी, फोटो, गळ निघाला आणि मासा पुन्हा पाण्यात. पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाहून जास्त ठेवायचा नाही असा नियम आहे आणि तो पाळला गेला. मग ताईंनी होडीच्या कडेवरून वाकून त्याचं तोंड प्रवाहाकडे धरलं. पुढे-मागे हलवत नाहीत. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. नुसतं धरायचं आणि वाहतं पाणी तोंडातून आत जाऊ द्यायचं. हळूहळू शेपूट ताठ झाली, जबडा अंगठ्यावर आवळला गेला आणि एका फटक्यात तो गेला. ताईंच्या कपाळावर खाडीचं पाणी उडालं.

नऊ-दहा किलोचा मासा. बाजारात नेला तर काही हजार रुपये. आबांनी तो गेलेल्या दिशेने बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, वाईट वाटलं का? ते म्हणाले, "वाटता मा. पण मोठ्या माशाक गाबोळी गावताच. बारक्याक कधी बघूक नाय."

एका वाक्यात त्यांनी जिताड्याचं अख्खं आयुष्य सांगितलं. हा मासा वयात येतो तो नर म्हणून. काही वर्षं नर राहतो आणि पुढे वाढत वाढत मादी होतो. साधारण ऐंशी-नव्वद सेंटीमीटरच्या पुढचा जिताडा बहुतेक मादीच. पावसाळ्याच्या तोंडाशी या माद्या खाडीच्या मुखापाशी येतात, खाऱ्या पाण्यात अंडी सोडतात, एकेक मादी लाखोंनी, आणि पिल्लं भरतीबरोबर कांदळवनात शिरून वाढतात. म्हणजे सगळ्यात मोठा मासा काढून नेणं म्हणजे नेमकी आईच काढून नेणं. आबांना हे कुणी शिकवलेलं नाही. आयुष्यभर मासे कापताना त्यांनी सुरीच्या टोकाशी पाहिलं आहे.

म्हणून मला वाटतं, रापणीचं जाळं ओढणाऱ्याने, गरीवर पोट असणाऱ्याने मासा घरी न्यावा, विकावा. तो त्याचा समुद्र आहे. आम्ही घाटावरून आनंदासाठी येतो. आमचं जेवण त्या मादीवर अवलंबून नाही, तर तिच्यावर आमचा हक्कही नाही. तांडेलाला दिवसाचं होडीभाडं पूर्ण मिळतं, आणि बक्षीस मिळालेल्या होडीच्या तांडेलाला रोख रक्कम वेगळी. हे दोन्ही क्लबाने पहिल्यापासून पाळलं आहे आणि ते कधी कमी होऊ नये.

संध्याकाळी गुण मांडले. मालवणच्या स्कूबावाल्या पोरांची होडी पहिली: दोन मध्यम जिताडे आणि चांगल्या तांबोश्या. आम्ही दुसरे.

रविवार, समुद्र

पहाटे साडेपाचला निघालो. मावळतीला चतुर्दशीचा चंद्र टेकलेला, पाठीवर मतलई. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हा पहाटवारा लाटा दाबून ठेवतो. दहा-अकराला तो पडतो आणि मग खारे वारे सुरू होतात. लहान होडीचा समुद्रातला दिवस या दोन वाऱ्यांच्या मध्ये बसवावा लागतो.

स्पर्धेची हद्द देवबागच्या मुखापासून दक्षिणेला, भोगवे, निवती आणि बाहेरच्या वेंगुर्ला रॉक्सपर्यंत. उत्तरेला मालवणचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ मध्ये जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा गाभा त्यातच. तिकडे आम्ही गरी टाकत नाही.

वेंगुर्ला रॉक्सचे खडक पाण्यातून एकदम वर येतात. त्यांच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे, घरट्यांच्या चोरीमुळे एके काळी संकटात आलेली. आम्ही खडकांपासून अंतर ठेवून होतो. उजाडता उजाडता कुरव पक्षी दिसले, शंभरेक, पाण्यावर फेर धरून सुळकन खाली बुडणारे. खाली बारक्या माशांचा थवा, आणि त्याच्याही खाली त्यांना वर रेटणारे शिकारी. आबांनी इंजिन लांबच बंद केलं आणि वाऱ्यावर होडी थव्याकडे जाऊ दिली. थव्यावर इंजिन घातलं की मासा बुडी मारतो आणि मागून येणाऱ्या सगळ्या होड्यांचा दिवस जातो.

प्राध्यापकांनी पॉपर टाकला. तो पाण्यावर फस्स करून ओढला की उडणारं पाणी आणि आवाज यांनी मासा चिडून वर येतो. तिसऱ्या ओढीला पाणी फुटलं. दगोळ होता, चपटा, चांदीसारखा, हवेत दोनदा उलटला. मग मला ट्रेव्हॅली लागली. ती उडी मारत नाही, आडवी वळते आणि आपल्या रुंद कुशीने पाणी अडवून धरते. रीलचा ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या लाईनला रोखणारा ब्रेक, ओरडत राहतो आणि हाताला नुसता भार जाणवतो. ५८ सेंटीमीटर. सोडताना तिला धरून ठेवावं लागत नाही, डोकं खाली करून पाण्यात सोडली की ती बाणासारखी खाली जाते.

सुरमई ट्रोलिंगवर लागली, परतीच्या वाटेवर, होडीमागे ओढत ठेवलेल्या ल्यूरवर. इथे मोजणं-सोडणं नाही. सुरमई सतत पोहणारा मासा. लढून थकली की तिच्या कल्ल्यांतून पुरेसं पाणी जात नाही. सोडलेली सुरमई पोहत गेलेली दिसते आणि पुष्कळदा नंतर मरते. तिला सोडून पुण्य मिळवल्याचं समाधान खोटं आहे. म्हणून सुरमईला गुण नाहीत आणि दर होडीला दिवसाला एकच, ती जेवणासाठी. बर्फाची पेटी तिच्यासाठी होती ती अशी. याच कारणाने वीस मीटरपेक्षा खोल पाण्यात जिग (तळाकडे बुडणारा जड ल्यूर) सोडायचा नाही. खोलातून भरभर वर आणलेल्या गोबऱ्याची हवेची पिशवी फुगते, पोट तोंडातून बाहेर येतं, आणि असा मासा सोडला तरी तो पाण्यावर तरंगत राहतो.

अकराच्या आधी वारा फिरला. मासे अजून थव्याखाली होते, दोन चांगले मासे मिळाले असते तर आम्ही पहिले आलो असतो, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. आबांनी इंजिन सुरू केलं. साडेदहाला भरती पुरी झालेली, आता कर्लीचं पाणी बाहेर पडायला लागणार आणि समोरून खारा वारा. बाहेर येणारं पाणी आणि आत ढकलणारा वारा मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर भिडले की लाटा उभ्या राहून फुटतात. त्याआधी आत शिरायचं. कुणी वाद घातला नाही. होडीत तांडेलाचा शब्द शेवटचा, हाही लिहिलेलाच नियम आहे. आम्ही आत आलो तेव्हा दांड्यावर पांढरं दिसायला लागलं होतं.

मालवणची पोरं जिंकली आणि ती जिंकण्यासारखीच गरवली होती. त्यांच्या तांडेलाला ढाल आणि पाकीट. सगळ्यात लांब माशाचं बक्षीस ताईंना. सुरमईचे तुकडे तव्यावर, डोक्याचं सार, सोलकढी. कुणीतरी आंग्रिया बँकेचा विषय काढला: मालवणपासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला बुडालेलं ते प्रवाळांचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. मोठी बोट घेऊन तिथे जावं, असा बेत. मी स्पष्ट नाही म्हटलं. तिथलं प्रवाळ अजून जिवंत आहे आणि तिथे क्लबाने जावं असं एकही कारण मला दिसत नाही. प्राध्यापक माझ्या बाजूने बोलले. विषय तिथे थांबला.

सोमवार, दत्तजयंती

परतण्याआधी छोटी बैठक. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे, जून-जुलैत बंदी असते, आणि २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला गेला. लहान माशाला संरक्षण आहे. मोठ्या मादीचं काय, हा प्रश्न ताईंनीच मांडला. शनिवारचा मासा अर्धं मिनिट का होईना, पाण्याबाहेर आला होता.

बरीच चर्चा झाली. फोटोत लांबी नीट दिसणार कशी, खोटेपणा झाला तर काय, असे आक्षेप आले आणि ते रास्त होते. स्कूबावाल्या पोरांनी तोडगा सुचवला: आकडे दोन्ही बाजूंनी रंगवलेली तरंगती पट्टी होडीला बांधायची, मासा जाळीत पाण्यातच तिला लावायचा आणि फोटोऐवजी सलग चित्रफीत घ्यायची. ठरलं. ८० सेंटीमीटरच्या वरचा जिताडा यापुढे होडीत घ्यायचा नाही. घेतला तर गुण शून्य.

आबा दाराशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, पुढच्या वेळेस उधाणावर येऊ नका, भांगाच्या पाण्यावर, अष्टमीकडे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा या. ओढ कमी असते, पाणी निवळतं आणि मोठा मासा धरून ठेवायला सोपा जातो. पकड कमी होईल, असं कुणीतरी म्हणालं. होईल, असं आबांनीही मान्य केलं. पुढची फेरी फाल्गुनात, अष्टमीच्या आसपास. पट्टी कोल्हापुरातल्या वर्कशॉपमध्ये बनणार आहे.